पूर्ण खेळलेला सामना

प्रिय भिंगरी,

एरवी मी पत्र लिहायला बसलो की तुझी आई थट्टा करते. म्हणते, खिशात फोन असताना मुलीला कागदावर लिहिणारा बाप मी एकच पाहिलाय, जणू ती पोरगी नाही, नियामक मंडळच आहे. आज मात्र तिनं चहाचा कप ठेवला, दार ओढून घेतलं आणि गेली. मी काय लिहिणार आहे ते तिला ठाऊक आहे. रविवारी तू तिच्याशी अर्धा तास बोलतेस, मग फोन माझ्याकडे येतो, मी विचारतो तिकडे थंडी पडली का, तू म्हणतेस पडली, आणि मग आई फोन परत कधी घेते याची आपण दोघं वाट बघत बसतो. दोन वर्षं हे असंच चाललंय. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, म्हणून आधी घरचं सांगतो.

आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे ती बरा आहे असं सांगते, आणि जिना चढताना बोलायची थांबते. तुझ्या खोलीत शिवणयंत्र ठेवलंय, पण तुझ्या कपाटाला हात लावलेला नाही. खालच्या चष्मेवाल्यानं दुकान मुलाच्या हाती दिलं आणि आता दिवसभर तिथंच बसून मुलाच्या चुका काढतो. तुझी आई त्याच्याकडे बोट दाखवून मला सांगते, असे होऊ नका. पण तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, सवय कुठली जाते. परवा भाजीवालीच्या काट्याकडे वाकून बघायला लागलो तर ती म्हणाली, साहेब, आता तरी निवांत घ्या.

तू सात-आठ वर्षांची असताना आपण सकाळी वर्तमानपत्रातला गुणतक्ता एकत्र वाचायचो, आठवतं? तू वरून खाली नावं वाचायचीस आणि मी उजवीकडचे आकडे. दोन संघांचे गुण सारखे झाले तर काय, असं तू एकदा विचारलंस. मी सांगितलं, मग त्या दोघांच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं ते बघायचं. तेही सारखं असलं तर? मग गोलफरक. तोही सारखा असला तर? मग कोणी जास्त गोल केले, मग कोणाला कमी पिवळी कार्डं मिळाली, आणि काहीच जमेना तर चिठ्ठ्या. तू पाव हातात धरून विचार केलास आणि म्हणालीस, शेवटी चिठ्ठीच काढायची तर अख्खा हंगाम कशाला खेळायचा? त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना हे सांगत फिरलो. पोरीला डोकं आहे, असं म्हणत. तुला उत्तर मात्र दिलं नाही. कारण खरं उत्तर मला तेव्हाही येत नव्हतं. आपसातला सामना आधी बघावा की गोलफरक, यावर इथल्या कामगार बायकांच्या फुटबॉल लीगच्या बैठकांमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर गेलेली मी पाहिली आहेत, आणि दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं असतं. तेव्हा माझं मत असं होतं की निकष कुठलाही असो, तो हंगामाच्या आधी ठरलेला असावा आणि सगळ्यांना एकाच अर्थानं वाचता यावा. एवढं झालं की न्याय झाला, असं मी मानायचो. त्याच भरवशावर लीगची नियमावली लिहायचं काम मी अंगावर घेतलं होतं.

आता त्या हंगामाकडे येतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते क्रमानं लिहू दे. क्रमानं लिहिलं नाही तर मी मधलंच काहीतरी गाळीन.

तुमचा धुलाईखान्याचा संघ आणि बंदराचा संघ, दोघांपैकी एकच वरच्या गटात जाणार होता. मधेच बाटली कारखाना बंद पडला आणि त्यांच्या संघानं हंगाम अर्ध्यावर सोडला. नियम चौदा असा, की बाहेर पडलेल्या संघानं निम्मे सामने 'पूर्ण खेळलेले' असतील तर त्याचे निकाल कायम राहतात आणि उरलेल्या सामन्यांचे तीन-तीन गुण समोरच्याला मिळतात. तेवढे खेळलेले नसतील तर त्या संघाचं नावच तक्त्यातून पुसायचं, त्याच्याशी झालेले सगळे सामने धरून. अठरातले निम्मे म्हणजे नऊ. बाटलीवाल्या बायका नऊ सामने खेळल्या होत्या, पण नववा चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला दिवे गेल्यामुळे थांबला होता. सत्तर मिनिटं होऊन गेली असल्यानं त्याचा निकाल दुसऱ्या एका नियमानं कायम धरला गेला. मग तो सामना पूर्ण खेळलेला म्हणायचा की नाही? हा प्रश्न आम्ही तेव्हाच सोडवायला हवा होता. पण तळाच्या संघाचं एवढं काय, असं म्हणून समितीनं तो पुढे ढकलला, आणि हंगाम संपला तेव्हा सगळं त्याच एका प्रश्नावर येऊन थांबलं. बाटलीवाल्यांचे निकाल धरले तर तुमचे चाळीस गुण आणि बंदरवाल्यांचे एकोणचाळीस. पुसले तर तुमचे चौतीस, त्यांचे पस्तीस. म्हणजे कोणाला वर पाठवायचं हे समोर दिसत असताना आम्ही नियमाचा अर्थ ठरवायला बसणार होतो. न्यायाच्या दृष्टीनं याहून वाईट काही नसतं.

बंदराच्या प्रशिक्षकाचं म्हणणं मला आजही अगदीच खोटं वाटत नाही. ते म्हणाले, आम्ही बाटलीवाल्यांशी खेळलो तेव्हा त्यांच्या सगळ्या खेळाडू होत्या, सामना बरोबरीत सुटला. धुलाईखाना त्यांच्याशी खेळला तेव्हा कारखान्यावर नोटीस लागली होती, निम्म्या बायका दुसरं काम शोधायला निघून गेल्या होत्या. आठ जणींविरुद्ध पाच गोल मारले त्याचे गुण कसले? तू तेव्हा घरी म्हणाली होतीस की आठ जणींशी खेळताना आम्हालाही लाज वाटली, पण सामना आम्ही ठरवला नव्हता. तुझंही खरं होतं. मी ते निकाल पुसायचं ठरवलं ते बंदरवाल्यांचं म्हणणं पटलं म्हणून असतं, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष, म्हणजे भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर, पंचांचे प्रतिनिधी, ज्यांना तुम्ही पोरी शिट्टीवाले म्हणायचात, आणि मी. बैठकीच्या आधी मास्तरांनी मला जिन्यात थांबवलं आणि हळूच म्हणाले, तुमची मुलगी त्या संघात आहे, तुम्ही यातून बाजूला व्हा, कोणी काही म्हणणार नाही. मला ते लागलं. मी म्हणालो, मास्तर, तीस वर्षांत माझ्या शिक्क्यावर कोणी शंका घेतलेली नाही. ते वर गेले आणि मी त्यांच्यामागून गेलो. तिथंच पहिली चूक झाली.

बैठक सुरू झाली. शिट्टीवाले म्हणाले, शेवटची शिट्टी वाजली नाही तो सामना पूर्ण कसा? मास्तरांचा कल दुसरीकडे होता. ते म्हणाले, निकाल कायम धरलाय तर सामना अपूर्ण कसा? मग माझ्याकडे वळून म्हणाले, हा नियम तुम्ही लिहिलेला आहे. तेव्हाच्या बैठकीत काय ठरलं होतं, आठवतं का काही? खोलीत टेबलाभोवती तिघंच होतो, पण दाराबाहेर बंदराचे लोक उभे होते, आणि तुमची गोलरक्षक गोलीताई तिच्या हातमोज्यांसकट उभी होती, कामावरून तशीच आलेली.

भिंगरी, मला आठवत होतं. नुसतं आठवत नव्हतं. आदल्या दिवशी मी पत्र्याच्या कपाटातल्या जुन्या फायली उपसल्या होत्या आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त मला सापडलं होतं. माझ्याच अक्षरात, खाली तिघांच्या सह्या. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'निकाल कायम झालेला सामना पूर्ण खेळलेला धरावा.' छापताना हे वाक्य नियमावलीत यायचं राहिलं होतं, माझ्याच हातून. बाकीचे दोन सही करणारे आता हयात नाहीत. तो कागद घडी करून मी कोटाच्या आतल्या खिशात घातला होता. मास्तरांनी विचारलं तेव्हा तो माझ्या छातीला लागून होता. आणि मी म्हणालो, आठवत नाही. छापलेले शब्द आहेत तेच धरावेत. पूर्ण म्हणजे पूर्ण.

का म्हणालो? दोन वर्षं मी स्वतःला वेगवेगळी उत्तरं दिली. खरं उत्तर एवढंच, की तो कागद बाहेर काढला असता तर लोक म्हणाले असते, बघा, पोरीला वर न्यायला बापानं नेमका आदल्या दिवशी कागद शोधून काढला. माझंच अक्षर, साक्षीदार दोघंही मेलेले. ते वाक्य मला लोकांच्या तोंडी ऐकू यायला लागलं होतं. ते टाळण्यासाठी मी सोळा बायकांचा हंगाम देऊन टाकला. मास्तर म्हणाले, स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध तुम्ही असं म्हणताय, तर मला बोलायला जागाच नाही. निर्णय एकमतानं झाला. बंदराच्या प्रशिक्षकांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, निःपक्षपाती वगैरे. चष्मेवाल्यानं ते कात्रण दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं. आणि हे तुला सांगायलाच हवं, की मला ते आवडलं. रस्त्यानं जाताना मी त्या काचेकडे बघायचो.

तू त्या संध्याकाळी घरी आलीस, बूट काढलेस आणि विचारलंस, रीतसर झालं ना, बाबा? मी म्हणालो, रीतसर झालं. तू मान हलवलीस आणि हात धुवायला गेलीस. नंतर एकदाही तू तो विषय काढला नाहीस. वरच्या गटात गेला असता तर तुमच्या संघाला छपराचं मैदान मिळणार होतं आणि सरावासाठी आठवड्यातून दोन दुपारी सुटी, ते गेलं. गोलीताईचा तो शेवटचा हंगाम होता. पुढल्या वर्षी संघ नऊ जणींवर आला आणि मग कोणी नावच नोंदवलं नाही. तू तिकडच्या हॉटेलच्या धुलाईखान्यात जागा मिळाली म्हणून गेलीस, आणि घोटा दुखतो म्हणून खेळणं सोडलंस. मी दोन्ही खरं मानलं. मानायला सोपं होतं.

आता या वर्षाचं. खालच्या गटात पुन्हा तसंच झालं. एक संघ मधेच बाहेर पडला, त्यांचा नववा सामना वादळामुळे ब्याऐंशीव्या मिनिटाला थांबलेला. निकाल धरले तर बेकरीचा संघ गटात राहतो, पुसले तर तळाला जाऊन बाहेर पडतो. लीगची नवी सचिव तरुण आहे, कामाला चोख. तिनं मला एक टिपण पाठवलं, की या प्रश्नावर आधीचा निर्णय उपलब्ध आहे, त्यानुसार निकाल पुसावेत, कृपया सही करावी. आधीचा निर्णय म्हणजे माझा. मी ते टिपण तीन दिवस टेबलावर ठेवलं. चौथ्या दिवशी बेकरीच्या संघाची कर्णधार लीगच्या कचेरीत आली. बाहीला पीठ लागलेलं, वय तुझ्याएवढं असेल. मला वाटलं भांडायला आली. ती उभ्यानंच म्हणाली, आमच्यातल्या काही जणी तक्रार करायची म्हणत होत्या. मी त्यांना सांगितलं, ज्या माणसानं स्वतःच्या पोरीच्या विरुद्ध हाच निकाल दिला त्याचा नियम खोटा नसणार. आम्ही मान्य करतो, साहेब. आणि ती निघाली. कामावर परत जायची घाई होती तिला.

मी तिला हाक मारू शकलो नाही. घरी आलो आणि तुझ्या आईला सगळं सांगितलं, खिशातल्या कागदासकट. ती कणीक मळत होती. हात न थांबवता तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो, तुम्ही इतकी वर्षं म्हणता मी कोणाची बाजू घेतली नाही. घेतलीत की. स्वतःच्या नावाची घेतलीत. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो आणि इतिवृत्त त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि विचारलं, हे तेव्हा तुमच्याजवळ होतं? मी हो म्हणालो. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, मी तुम्हाला जिन्यात सांगितलं होतं. गुरुवारी सुनावणी झाली. मी बाहेर बसलो होतो, या वेळी आत बसायचा मला हक्क नव्हता. बेकरीचा संघ गटात राहिला. मला पाच वर्षं लीगच्या कुठल्याही पदावर राहता येणार नाही, ते मी तिथंच मान्य केलं. तुमच्या हंगामाबद्दल मात्र त्यांनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वीचं स्थान आता बदलता येत नाही. बंदराच्या मुली त्यानंतर वरच्या गटात खेळल्या, जिंकल्या, हरल्या. त्यांचा यात काही दोष नाही आणि ते सगळं परत गुंडाळता येत नाही. त्यांच्या प्रशिक्षकांनी मला फोन केला. म्हणाले, माझ्या पोरींना मी आता काय सांगू? चूक झाल्याची नोंद दफ्तरात राहील, एवढंच ठरलं.

काल मी गोलीताईकडे गेलो. तिनं ते दुसऱ्या कोणाकडून ऐकू नये म्हणून. ती चादरींच्या घड्या घालत होती, मला खुर्ची दिली आणि काम चालूच ठेवलं. मी सांगून संपवलं तेव्हा ती म्हणाली, काका, तुमच्यावर रागवायला आता माझ्यात जोर नाही. पण एक विचारते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या इस्त्रीच्या खोलीत तुमच्याबद्दल नको नको ते बोलत होतो. मीच सगळ्यात जास्त. तेव्हा भिंगरी मधे उभी राहिली आणि म्हणाली, माझा बाप खोटं बोलत नाही, ज्याला हे पटत नसेल त्यानं माझ्याशी बोलू नये. आणि आम्ही खरंच बोलायचं सोडलं. सहा महिने ती आमच्यात बसून एकटी जेवली. मग गेली. हे तिनं तुम्हाला सांगितलंच असेल ना? मी नाही म्हणालो. तिनं हातातली चादर खाली ठेवली.

तेव्हा मला कळलं की तू घोट्यामुळे खेळणं सोडलं नाहीस आणि हॉटेलसाठी गाव सोडलं नाहीस. येत्या सोमवारी लीगचं अधिकृत पत्र दोन्ही संघांतल्या प्रत्येकीला रवाना होईल. त्यावर तुझंही नाव आहे, आत माझं. ते तुझ्या हातात पडायच्या आधी हे पडावं म्हणून मी हे लिहितोय, आणि एका गोष्टीसाठी. इस्त्रीच्या खोलीत तू माझ्यासाठी जे बोललीस ते खोटं होतं, आणि ते खोटं तुझं नव्हतं, माझं होतं. यापुढे कोणी माझ्याबद्दल काही बोललं तर गप्प बसू नकोस आणि माझी बाजूही घेऊ नकोस. त्यांना सांग, हो, तसंच झालं. गोलीताईनं तिचा फोन नंबर दिलाय, मागच्या पानावर लिहिला आहे. ती म्हणाली, भिंगरीला सांगा, मी वाट बघते. मला तू कधी फोन करावास हे मी सांगणार नाही. रविवारी आईशी बोल. फोन माझ्याकडे आला नाही तरी मी समजेन.

जे आहे ते आता तुझ्यासमोर ठेवून,
तुझाच
बाबा